आजीचा चेहरा हिरवा का?

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात वरचेवर चित्रांची प्रदर्शनं भरतात. मी बरीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे बाजाराला म्हणून निघाले तरी पाय आधी तिकडे वळतात. तिथंच एका तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनात त्याच्या आजीचं चित्र लागलं होतं. अडीच फुटांचा कॅनव्हास, आजी समोर तोंड करून बसलेली. चेहरा हिरवट, जुन्या विहिरीच्या कठड्यावरच्या शेवाळासारखा. गालांच्या खळग्यांत निळसर रंग. एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगला चार बोटं वर. मांडीवर ठेवलेले हात चेहऱ्याहून मोठे. आणि पाठीमागे काहीच नाही, नुसती पिवळ्या मातीच्या रंगाची सपाट जागा.

चित्रासमोर पांढरी टोपी घातलेले, हातात कापडी पिशवी असलेले एक गृहस्थ उभे होते. कचेरीतलं काम उरकून उन्हाचं आत आले असावेत. बराच वेळ बघून ते मला म्हणाले, “बाई, ही म्हातारी आजारी हाय काय वं?” मी उत्तर द्यायच्या आत त्यांनीच विषय संपवला. “आम्हाला काय ह्यातलं कळत न्हाई म्हणा.” आणि ते पुढच्या चित्राकडे गेले.

त्यांचं पहिलं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. कुणी काही न सांगता, शेजारची चिठ्ठी न वाचता, चित्रातल्या बाईचं काहीतरी दुखतंय हे त्यांनी ओळखलं होतं. आणि लगेच दुसऱ्या वाक्यात त्यांनी स्वतःलाच खोटं पाडलं. अशी चित्रं बघताना बहुतेकांचं हेच होतं. भाव पोचलेला असतो, पण तो कशामुळे पोचला हे सांगता येत नाही, म्हणून आपल्याला काही कळलंच नाही असं माणूस धरून चालतो. तो मधला दुवा उलगडावा एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

तीन शब्द समजून घेऊ

एखाद्या माणसाचं रंगवलेलं चित्र म्हणजे व्यक्तिचित्र. ते ज्या गोष्टींनी घडतं, म्हणजे रेषा, रंग, उजेड-सावली, कुंचल्याचे फटकारे, माणसाला कॅनव्हासवर दिलेली जागा, या सगळ्यांच्या बांधणीला रूपबंध म्हणतात. आणि त्या बांधणीतून आपल्यापर्यंत जे पोचतं, उदास, धास्तावलेलं, निवांत, चिडलेलं असं काही, तो चित्राचा भाव.

आई हाक मारते तेव्हा शब्द तोच असतो, “इकडे ये.” पण त्या दोन शब्दांवरून पाहुणे आले आहेत, खाऊ मिळणार आहे की पाठीत धपाटा बसणार आहे, हे दहा वर्षांच्या पोराला दाराबाहेर कळतं. शब्दांचा अर्थ एक आणि आवाजाचा अर्थ दुसरा. चित्रात माणसाचं नाक-डोळे म्हणजे शब्द आणि रूपबंध म्हणजे आवाज. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात, विशेषतः जर्मनीत, चित्रकारांनी या आवाजालाच मुख्य मानलं. चेहरा हुबेहूब आला नाही तरी चालेल, आतलं बाहेर आलं पाहिजे, अशी ही वृत्ती. तिला अभिव्यक्तिवाद म्हणतात. हा जड शब्द इथंच ठेवून पुढे जाऊ.

आपल्या डोळ्याला कशाची सवय आहे

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणतात ते उगीच नाही. चित्रकार एम. व्ही. धुरंधर १८६७ साली इथं जन्मले. शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या काठी बसून निसर्ग रंगवला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या नात्यातल्या भावांनी नाटकांचे पडदे असे रंगवले की लोक नुसते पडदे बघायला येत. जी. कांबळे यांनी रंगवलेलं शिवाजी महाराजांचं चित्र आपण सरकारी कचेऱ्यांत पाहत आलो. या परंपरेनं गावाला एक फार चांगली सवय लावली. चित्रातला शालू रेशमी वाटला पाहिजे आणि कातडी कातडीसारखी. घराघरातल्या दिवंगतांच्या तसबिरींनी ती सवय आणखी पक्की केली. आजोबा ओळखू आले नाहीत तर तसबीर वाया गेली.

ही सवय मी मोडायला सांगत नाही. माझा स्वतःचा हात त्याच वळणावर घडला आहे. पण हुबेहूब चित्रसुद्धा भावाच्या बाबतीत कधीच कोरं नसतं, हे आपण विसरतो. बाबूराव पेंटरांनी पुढे सिनेमा काढला. त्यांच्या १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये अंधारात बुडालेली एक झोपडी दिसते आणि तिच्यापाशी रडणारा कुत्रा. सिनेमा मूक. कुत्र्याचा आवाज नाही, माणसाचं एक वाक्य नाही. तरी त्या घरावर काय वेळ आली आहे ते काळोखच सांगतो. तो किती ठेवायचा हे चित्रकाराच्या डोळ्यानं ठरवलेलं होतं. म्हणजे उजेड-सावलीतून भाव वाचायला या गावाला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही. आधुनिक व्यक्तिचित्रात तीच गोष्ट रंग आणि आकार यांच्याही बाबतीत केलेली असते, इतकंच.

त्याआधी एक मोठी घटना घडून गेली होती. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली. हुबेहूब चेहरा हळूहळू स्वस्त झाला. चित्रकारासमोर प्रश्न आला की यंत्राला जे टिपता येत नाही ते काय? त्या प्रश्नाची अनेक उत्तरं निघाली. त्यातलं एक आता सावकाश पाहू.

एक चित्र, दहा मिनिटं

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग यानं सप्टेंबर १८८९ मध्ये काढलेलं आत्मचित्र मोबाईलवर शोधून समोर ठेवा. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे ते. निळसर-हिरवा कोट, तांबूस दाढी, मागे वळणावळणांची नक्षी.

आधी त्याचं आयुष्य बाजूला ठेवू आणि फक्त रंग बघू. कोट आणि मागची भिंत जवळजवळ एकाच रंगाची आहे, फिकट, थंड, पाण्यासारखी. या एवढ्या थंडाव्यात एकच ऊबदार ठिकाण आहे, ते म्हणजे केस, दाढी आणि चेहरा. नारिंगी आणि निळा हे एकमेकांचे पूरक रंग. पूरक म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणारे, शेजारी ठेवले की एकमेकांना भडकवणारे. हिरव्या लुगड्याला लाल काठ असला की दोन्ही रंग उठून दिसतात, त्याच न्यायानं इथं दाढी निखाऱ्यासारखी पेटलेली दिसते. चेहरा चहूबाजूंनी गारठ्यानं वेढलेला आहे आणि तरी विझलेला नाही.

आता फटकारे पाहा. मागच्या भिंतीवर भोवरे आहेत. कोटावरही तशीच वळणं उतरली आहेत. केसांत आणि दाढीत तीच लय आहे. सगळं हलतं आहे. हलत नाही ती फक्त नजर. भुवया आखडलेल्या, ओठ मिटलेले, डोळे रोखलेले. पंचगंगेला पूर आला की घाटावरच्या दीपमाळा मधोमध उभ्या असतात आणि भोवती पाणी फिरत असतं. पाणी किती जोरात आहे ते त्या न हलणाऱ्या दगडामुळे कळतं. या चित्रात नजर त्या दीपमाळेच्या जागी आहे.

मग भाव कोणता? ‘वेडेपणा’ असं पटकन म्हटलं जातं, कारण तेव्हा तो फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात होता हे लोकांना ठाऊक असतं. मला हे वाचन पटत नाही. जुलैत त्याला मोठा झटका येऊन गेला होता. सावरल्यावर सप्टेंबरमध्ये त्यानं आरशासमोर बसून स्वतःला रंगवायला घेतलं. अंगात कामाचा डगला नाही, नीटनेटका कोट आहे. एकेक फटकारा ठरवून दिलेला आहे, कोट आणि भिंत यांचा रंग एक असूनही खांद्याची कड हरवत नाही. झटक्याच्या भरात हे होत नाही. वादळ आहे, पण चित्र काढणारा माणूस त्याच्याकडे टक लावून बघतो आहे. मला या चित्रात हिंमत दिसते, आणि ते माझं नुसतं वाटणं नाही, वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून ते दाखवता येतं.

“पण चेहऱ्याला हिरवा रंग कशासाठी?”

१९०५ साली हेन्री मातीस या फ्रेंच चित्रकारानं आपल्या बायकोची दोन व्यक्तिचित्रं काढली. मोठी टोपी घातलेलं चित्र पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात लागलं तेव्हा लोक हसले, चिडले. त्या दालनातल्या चित्रकारांना एका समीक्षकानं ‘रानटी जनावरं’ म्हटलं आणि तेच नाव त्यांना कायमचं चिकटलं. दुसरं चित्र आकारानं लहान, जेमतेम शाळेच्या पाटीहून थोडं मोठं. त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत मधोमध एक हिरवा पट्टा ओढला आहे.

हा पट्टा खोडसाळपणा वाटतो. डोळे किलकिले करून बघितलं की त्याचं काम लक्षात येतं. पट्ट्याच्या एका बाजूला चेहरा पिवळसर आहे, दुसऱ्या बाजूला गुलाबी. नेहमीच्या चित्रात नाकाशेजारी तपकिरी सावली घालून नाक वर उचललं असतं. मातीसनं सावलीचं ते काम हिरव्या रंगाकडून करून घेतलं. चेहरा सपाट होत नाही, भरीव राहतो, आणि वर त्याला एक ताठा येतो. तपकिरी सावलीनं ती बाई मवाळ झाली असती.

वर्गात मी मुलांना एक प्रयोग करायला लावायची. राखाडी कागदाचे दोन सारखे चौकोन कापायचे, एक लाल घोटीव कागदावर चिकटवायचा, एक हिरव्यावर. दोन्ही चौकोन वेगळ्या रंगाचे दिसू लागतात. पोरं ते काढून पुन्हा जुळवून बघत. रंग एकटा कधी बोलत नाही, शेजाऱ्यामुळे बोलतो. म्हणून ‘हिरवा म्हणजे मत्सर, निळा म्हणजे दुःख’ अशी पाठ केलेली यादी फारशी उपयोगाची नसते. आपल्याकडे हिरवा चुडा सौभाग्याचा, हिरवं शेत समाधानाचं, आणि तोच हिरवा माणसाच्या गालावर आला की काळजाचा ठोका चुकतो.

“नीट काढता येत नाही म्हणून वाकडं काढतात”

हा आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकला आहे, चित्रकलेच्या शिक्षकांकडूनसुद्धा. काही चित्रांच्या बाबतीत तो खराही असतो. कच्चा हात झाकायला वाकडेपणाचा आधार घेणारे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण पाब्लो पिकासोनं वयाच्या पंधराव्या वर्षी ‘विज्ञान आणि करुणा’ हे आजारी बाईच्या अंथरुणाशेजारचं चित्र अगदी जुन्या शिस्तीत, बिनचूक रंगवलं होतं. हाच माणूस पुढे १९०५-०६ च्या हिवाळ्यात गर्ट्रूड स्टाइन या लेखिकेचं व्यक्तिचित्र करायला बसला. तिच्या सांगण्यानुसार ऐंशी-नव्वद बैठका झाल्या. शेवटी त्यानं डोकंच पुसून टाकलं आणि तो स्पेनला निघून गेला. परत आल्यावर, ती समोर नसताना, त्यानं जड पापण्यांचा, दगडी मुखवट्यासारखा चेहरा रंगवून चित्र पुरं केलं. काढता येत नव्हतं म्हणून नव्हे. जे येत होतं त्यात त्याला ती सापडत नव्हती.

आकार मुद्दाम बदलण्याला विरूपण म्हणतात. नाटकवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला राग दिसावा म्हणून नट घरातल्यापेक्षा मोठा हात उगारतो, भुवईला काजळाची जाड रेघ ओढतो. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. गोव्यात १९२४ मध्ये जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सूझा यांनी काढलेली डोकी पाहा. डोळे पार कपाळावर चढवलेले, चेहऱ्यावर काट्यांसारख्या आडव्या-उभ्या रेघा. माणसातला दांभिकपणा आणि क्रूरपणा शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा होता त्यांना. उलट टोकाला रवींद्रनाथ टागोर. साठी ओलांडल्यावर ते चित्रं काढू लागले, तेव्हा त्यांनी काढलेले लांबट, काळोखे चेहरे जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि तरी त्यांच्याकडे बघताना आपण आवाज खाली आणतो.

विरूपण खरं की नुसता हाताचा कच्चेपणा, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. बदललेला आकार मनातल्या मनात ‘दुरुस्त’ करून बघायचा. दुरुस्त केल्यावर चित्राचा भाव उडून गेला तर तो बदल कामाचा होता. काहीच बिघडलं नाही तर ती चूक होती. लहान मुलाच्या चित्राशी तुलना करणाऱ्यांनाही हीच कसोटी लावून बघायला सांगते. मुलाचं चित्र सुंदर असतं, पण आज काढलेला हात त्याला उद्या तसाच काढायला सांगितला तर जमत नाही. चित्रकार तो दहा वेळा काढून अकराव्यांदा ठेवतो.

“म्हणजे ज्याला जे दिसेल ते बरोबर?”

नाही. इथं मात्र मी हट्टी आहे.

गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या उकळत्या रसाकडे बघून सांगतो, अजून वेळ आहे, किंवा उतरवा आता. त्याला ते ‘वाटतं’, पण ते वाटणं रसाच्या रंगावर, फेसावर, बुडबुड्यांच्या आकारावर उभं असतं. कुणीही मनाला येईल तेव्हा काहील उतरवली तर गूळ बसत नाही. चित्राचंही तसंच. वाचन एकाहून अधिक असू शकतात, पण प्रत्येक वाचनानं चित्रातला पुरावा दाखवला पाहिजे.

आणि पुरावा दाखवतानाही घाई नडते. जर्मनीतल्या अभिव्यक्तिवाद्यांपैकी अर्न्स्ट लुडविग किर्शनर यानं १९१५ साली स्वतःला सैनिकाच्या गणवेशात रंगवलं. चेहरा पिवळा, ओठांत सिगारेट, डोळ्यांत बुबुळं नाहीत. आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला. बघणाऱ्याला वाटतं, लढाईत हात गेला असेल. त्याचा हात शाबूत होता. सैन्यात भरती झाल्यावर थोड्याच काळात मनानं खचल्यामुळे त्याला सोडून देण्यात आलं होतं. तुटलेला हात हा चित्रकाराला वाटलेल्या भीतीचा आहे, आता आपल्याकडून चित्र होणार नाही अशी. चित्राला घडलेल्या घटनेचा दाखला समजलं तर आपण इथं फसतो, आणि आयुष्याची माहिती अजिबात घेतली नाही तर निम्मं हुकतं. म्हणून मी क्रम ठरवून घेतला आहे. आधी चित्र, मग चिठ्ठी, मग पुन्हा चित्र. पुढे नाझींनी किर्शनरच्या सहाशेहून अधिक कलाकृती ‘विकृत’ ठरवून संग्रहालयांतून उचलल्या. वाकडा चेहरा सत्तेला इतका झोंबतो, यावरून त्याची ताकद ओळखावी.

मोबाईलवरच्या चित्राबद्दल थोडं

पडद्यावर रंग बदलतात आणि आकाराचा अंदाज राहत नाही. तळहाताएवढं चित्र भिंतीएवढं वाटतं. शिवाय रंग म्हातारेही होतात. व्हॅन गॉगच्या शयनगृहाच्या चित्रातल्या भिंती त्यानं जांभळट रंगवल्या होत्या. त्यातला लाल रंग उडाला आणि आज त्या निळ्या दिसतात. तेव्हा केवळ निळ्या रंगावर भलीमोठी इमारत उभी करण्याआधी जरा थांबावं. शक्य असेल तेव्हा मूळ चित्रासमोर उभं राहावं. टाऊन हॉल संग्रहालय तर गावातच आहे.

पुन्हा आजीकडे

टोपीवाले गृहस्थ पुढे गेल्यावर मी त्या चित्रासमोर बसून राहिले. सांगितलेला क्रम स्वतःवरच लावून पाहिला. खांदा मनातल्या मनात सरळ केला, तर आजी नुसती बसलेली दिसू लागली. वर चढलेल्या खांद्यामुळे ती एका हातावर भार देऊन उठायच्या बेतात वाटत होती, आणि उठणं होत नव्हतं. हात लहान करून पाहिले, तर तिचं सगळं काम निघून गेलं. एवढे मोठे हात आणि त्यांना धरायला काही नाही. मागची पिवळी जागा सपाट असल्यामुळे तिच्यामागे ना घर, ना अंगण. हिरव्याचा अर्थ मी लावला तो आजारपणाचा, त्या गृहस्थांनी लावला होता तोच.

मग चिठ्ठी वाचली. तिच्यावर फक्त ‘आजी, तेलरंग’ एवढंच होतं. चित्रकार पोरगा दाराशी चहा पीत उभा होता, त्याला विचारलं.

“बाई, आमच्या घरात समोरच्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट आहे,” तो म्हणाला. “सकाळी दारातनं ऊन त्या भिंतीवर पडतं आणि उलटून तिच्या तोंडावर येतं. पडल्यापासून ती तिथंच बसून असायची. मी फक्त रंग थोडा चढवला.”

टोपीवाले गृहस्थ तोवर फेरी मारून परत आले होते. त्यांनी हे ऐकलं आणि चित्रात ती भिंत शोधू लागले. मीही शोधली. चित्रात भिंत कुठंच नव्हती. आजी तिच्याकडे बघत होती, आणि भिंतीच्या जागी आम्ही दोघं उभे होतो.